चांदीच्या टिकलीवरची खूण

जगात दोनच प्रकारची माणसं असतात, असं ठिपकेबाईंचं ठाम मत होतं. एक चोरणारी आणि दुसरी अजून संधी न मिळालेली. आपण स्वतः कुठल्या प्रकारात मोडतो, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. औजारखान्याच्या जाळीमागे बसणाऱ्या माणसाला असले प्रश्न पडून चालत नाही.

अख्खी नोकरी त्यांनी त्या जाळीमागे काढली. सकाळी कामगार यायचे, पाना, पक्कड, हातोडा, ड्रिल घेऊन जायचे आणि सुटीच्या वेळी परत करायचे. ठिपकेबाई तिथे नव्या होत्या तेव्हा संध्याकाळी सगळे नग मोजून बरोबर भरायचे आणि त्या खुशीत घरी जायच्या. मग एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं की सकाळी कोरा करकरीत पाना बाहेर जातो आणि संध्याकाळी कुणाच्या तरी घरचा झिजून बोथट झालेला पाना परत येतो. मोजणी बरोबर, माल भलताच! तोंडात मारल्यासारखं झालं त्यांना. त्या दिवसापासून त्यांनी प्रत्येक औजारावर रंगाचा ठिपका द्यायला सुरुवात केली. कामगारांनी ठिपका खरवडून घरच्या पान्यावर नवा ठिपका काढला. मग बाई शहाण्या झाल्या. खूण करायची तर बिनरंगी नेलपॉलिशची, तिरक्या उजेडात धरलं तरच चमकणारी. आणि करायची अशा सांदीत, जिथे चोराचं बोट पोचत नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे खूण कुठे आहे हे कुणालाही, अगदी सख्ख्या भावालाही, सांगायचं नाही. या जोरावर त्यांनी एकदा खुद्द मुकादमाला पकडून दिलं होतं. 'ठिपकेबाई' हे नाव कामगारांनी चिडून ठेवलं, पण बाईंनी ते एखाद्या पदकासारखं मिरवलं.

निवृत्त झाल्या तरी बाटली काही सुटली नाही. घरातली छत्री, उशीचे अभ्रे, शेजाऱ्यांनी मागून नेलेला डाव, सगळ्यांवर कुठे ना कुठे तो अदृश्य ठिपका असे. त्यांचे यजमान खुर्चीत बसून ही गंमत बघायचे. एकदा त्यांनी विचारलं, "अगं, मला कुठे ठिपका दिलायस?"

"तुम्हाला कोण नेतंय!" बाई म्हणाल्या.

यजमानांना हसायला आवडायचं, पण हसलं की खोकला यायचा. फुप्फुसाच्या दुखण्यातून ते उठले ते अर्धेच उठले होते. त्यांना ना उकाडा सोसे ना गारठा. म्हणून तर भाच्याने त्यांच्या खोलीत ते यंत्र बसवलं होतं, उन्हाळ्यात गार हवा देणारं आणि थंडीत गरम. आतलं धूड भिंतीवर, बाहेरची पेटी बाल्कनीत. भाचा म्हणजे बाईंच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली तेव्हा तो शाळेत जायचा. तो मावशीच्याच घरी वाढला, याच धंद्यात शिरला, आता एका दुकानात मेकॅनिक होता. दुकान सोडून स्वतःचं काम सुरू करावं असं त्याच्या मनात होतं, आणि योगही चालून आला होता. बाईंच्या इमारतीत घरटी अशी यंत्रं होती आणि त्या सगळ्यांच्या वर्षभराच्या देखभालीचं काम त्याला द्यावं असं इमारतीच्या सचिवांनी जवळजवळ ठरवलं होतं. ते काम म्हणजे त्याच्या पायाखालची जमीन होती. येता-जाता तो त्याच्याबद्दल बोले, आणि बोलताना लाकडाला हात लावे.

अशात यजमानांचं यंत्र बंद पडलं. भाच्याने बाहेरची पेटी उघडली आणि आतून एक काळा ठोकळा काढून दाखवला. "काँटॅक्टर गेलाय मावशी. यात बघ, चांदीच्या टिकल्या आहेत. खालच्या बसलेल्या, वरच्या हलणाऱ्या. एकमेकींना टेकल्या की वीज पुढे जाते, सुटल्या की थांबते. टेकून सुटून झिजल्यात बिचाऱ्या. जुना झाला होता."

त्याने नवा आणला, बाईंच्या हातात खोक्यासकट दिला आणि मुख्य वीज बंद करायला खाली मीटरच्या खोलीत गेला. नवा माल हातात आला आणि समोर कुणी नाही. आता खरं सांगायचं तर त्या क्षणी बाईंना भाच्याचा तिळमात्र संशय नव्हता. पण पोहणारा माणूस पाण्यात पडला की हात हलवतोच. बाईंनी ठोकळ्याचं झाकण सोडवलं, आतल्या चांदीच्या टिकलीच्या एका कडेला नेलपॉलिशचा बारीक ठिपका दिला, फुंकर मारली, झाकण लावलं. जिने चढून भाचा वर येईपर्यंत खोकं होतं तसं झालेलं होतं. पान्याला रंग लागला म्हणून पाना काही अडून बसत नाही, तेव्हा याला काय होणार?

भाच्याने ठोकळा बसवला आणि यंत्र सुरू झालं. ऐन गारठ्यात, थोड्याच आठवड्यांत, ते पुन्हा बंद पडलं. भाचा आला, काँटॅक्टर काढला आणि नेहमीच्या रिवाजाप्रमाणे जळका भाग मावशीच्या हातात ठेवला. काढलेलं सामान गिऱ्हाइकाला दाखवून त्याच्याच हवाली करायचं, ही त्याची पद्धत होती. तो गेल्यावर बाईंनी ठोकळा उघडून दिव्याखाली तिरका धरला. काळी पडलेली टिकली, कडेला खड्डा, आणि ठिपक्याचा मागमूस नाही.

बाई खुर्चीत बसल्या. नग बरोबर, माल भलताच. हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. पण एकदा घडलं तर योगायोग म्हणावा, असाही औजारखान्याचा नियम होता. तेव्हा त्या गप्प राहिल्या. दुसरा नवा ठोकळा बसवायच्या आधीही त्याला तसाच ठिपका दिला गेला आणि आता मात्र त्या डोळ्यांत तेल घालून भाच्याकडे बघू लागल्या.

एकदा असं बघायला लागलं की दिसायला काय कमी? भाच्याच्या पायात नवे बूट होते. कुठून आले? तो पेटीशी काम करताना पाठ करून बसायचा. का बरं? फोन आला की बाल्कनीच्या टोकाला जाऊन बोलायचा. चहात साखर कमी घाल म्हणाला, तेही बाईंना खटकलं. मनात काही असलं की माणसाच्या तोंडाची चव जाते, हे त्यांना ठाऊक होतं. शिवाय तो हल्ली फार गोड बोलत होता. पूर्वी गोड बोलत नव्हता असं नाही, पण हल्लीचं गोड वेगळं वाटत होतं. बाई सुतावरून स्वर्ग गाठायला निघाल्या होत्या आणि निम्म्या वाटेवर पोचल्याही होत्या.

दुसरा ठोकळाही गेला. दिव्याखाली धरला. खूण नाही!

या खेपेला भाचा स्वतःच गोंधळला होता. त्याने वीज मोजली, कमी नाही, जास्त नाही. कपॅसिटर तपासला. कॉम्प्रेसर जास्त ओढ घेत नव्हता. वायरचे सगळे स्क्रू आवळून पाहिले, कुठे वायर घासली आहे का ते बोटांनी चाचपलं, पेटीत मुंग्या शिरल्या असतील म्हणून कोपरान् कोपरा ब्रशने झाडला. काही सापडेना. तो मांडी घालून बाल्कनीतच बसला आणि कपाळाचा घाम पुसून म्हणाला, "मावशी, इथे काहीतरी आहे जे मला दिसत नाहीये."

"मला दिसतंय," बाई म्हणाल्या.

"काय?"

"हा जळका ठोकळा माझा नाही. मी तुला दिला तो वेगळा होता. चांगला माल कुठे जातो रे?"

भाच्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो हसला, कारण त्याला ती थट्टा वाटली. मग मावशीचा चेहरा बघून त्याचं हसू विरलं.

"मी चोरतो? तुझ्या घरातून? काकांच्या यंत्रातून?"

"मी खूण केली होती. या ठोकळ्यावर ती नाही. आधीच्यावरही नव्हती."

"कुठे केली होतीस? दाखव ना. कशाने केली होतीस?"

इथे बाईंनी तोंड उघडलं असतं तर सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं. चांदीच्या टिकलीवर नेलपॉलिश, एवढे शब्द त्या मेकॅनिकच्या कानावर पडायची खोटी होती. पण चोराला खूण सांगितली की पुढच्या वेळी तो ती बरोबर काढून घेतो, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं.

"ते मी सांगणार नाही."

"मावशी, एवढं तरी सांग."

"नाही म्हणजे नाही."

भाच्याने एकेक हत्यार पिशवीत भरलं. खोलीत जाऊन काकांच्या पायाला हात लावला, त्यांची चादर नीट केली. दारात थांबून म्हणाला, "दुसऱ्या कुणाला तरी बोलव. पण लवकर बोलव, काकांना गारठा बाधेल." तो गेल्यावर यजमान उठून बसले. मग म्हणाले, "खूण कुठे होती ते सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"तुम्हाला व्यवहार कळत नाही," बाई म्हणाल्या. भरवशाच्या म्हशीला टोणगा, असं त्या दिवसभर पुटपुटत होत्या. रागाखाली दुःखही होतं, नाही असं नाही. ज्याला जेवू घातलं, तापात ज्याच्या उशाशी बसलो, त्यानेच हे करावं, या विचाराने त्यांना जेवण गेलं नाही. पण आपलं चुकलं असेल, ही शंका काही शिवली नाही. जिला जगातल्या सगळ्या शंका येत, तिला नेमकी तेवढीच आली नाही.

आता एवढं मोठं गाठोडं पोटात ठेवायचं कसं? बाईंनी समोरच्या वहिनींना गाठलं. "तुमच्याकडे येतो ना यंत्र बघायला माझा भाचा? जरा लक्ष असू द्या. मी काही म्हणत नाही हं. फक्त लक्ष असू द्या." मी काही म्हणत नाही, असं म्हणून जे म्हटलं जातं ते सगळ्यात लांब जातं. वहिनींकडून ते खालच्या मजल्यावर गेलं, तिथून वर सचिवांकडे, आणि प्रत्येक मजल्यावर त्याने थोडं बाळसं धरलं. कुणाला आपला जुना पंखा आठवला, कुणाला हरवलेली पक्कड. सचिवांनी देखभालीचं काम तूर्त राहू द्या म्हणून सांगितलं. कुणी भाच्याला काही विचारलं नाही. त्याला बोलावणंच बंद केलं.

दुसरा मेकॅनिक शहराच्या दुसऱ्या टोकाहून आला. बोलघेवडा गडी, हात चालण्याआधी तोंड चालायचं. तोही नवा ठोकळा टेबलावर ठेवून वीज बंद करायला खाली गेला आणि बाईंनी आपलं काम उरकलं. तोही ठोकळा थोड्याच दिवसांत जळला आणि मेकॅनिक पुन्हा आला. पण या वेळी बाईंनी पक्का बंदोबस्त केला होता. मेकॅनिकच्या खांद्याला खांदा लावून त्या बाल्कनीत उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांदेखत स्क्रू सुटले, डोळ्यांदेखत वायरी निघाल्या, आणि ठोकळा पेटीतून थेट त्यांच्या तळहातावर आला. मध्ये कुणाचा खिसा नाही, पिशवी नाही, पाठ नाही.

"बाई, आत ठिणग्या पडताहेत," मेकॅनिक म्हणाला. "टिकल्यांच्या मध्ये काहीतरी येतंय. काय ते मला कळत नाही. उद्या नवा बसवतो, पण तोही टिकेल असा शब्द देत नाही." नवं खोकं टेबलावर ठेवून तो गेला, आणि बाईंनी आधी त्यातल्या टिकलीला ठिपका देऊन टाकला.

बाईंनी दिवा लावला, ठोकळा उघडला, तिरका धरला. खूण नव्हती.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. हाच ठोकळा होता. नजरेआड झालाच नव्हता. मग खूण गेली कुठे? बाई कुठलीच वस्तू फेकून देत नसत, त्यामुळे भाच्याच्या हातचे दोन्ही जळके ठोकळे खणात होते. त्यांनी तिन्ही टेबलावर शेजारी शेजारी मांडले. तिन्हींत खड्डा टिकलीच्या एकाच कडेला होता. वरच्या, डाव्या. त्यांचा हात नकळत वर गेला, हवेत बाटलीतला कुंचला धरल्यासारखा, आणि बरोबर त्याच जागी येऊन थांबला.

त्या स्वयंपाकघरात गेल्या. चमच्याच्या टोकाला ठिपका दिला, वाळू दिला आणि चमचा गॅसच्या ज्योतीवर धरला. ठिपका फुगला, धुरकटला, एक उग्र वास आला आणि पुढच्या क्षणी तिथे काळ्या डागाशिवाय काही राहिलं नाही. चोराच्या बोटांनी पुसावं तसं सगळं साफ. जे जळत होतं ते त्यांनीच लावलं होतं, आणि जळताना ते स्वतःलाही पुसून टाकत होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा! बाईंना भयंकर शरम वाटली. गॅस बंद करायचंही भान राहिलं नाही. यजमानांनी आतून हाक मारली तेव्हा त्यांनी जाऊन सगळं सांगितलं. यजमानांनी या वेळी थट्टा केली नाही. "चप्पल घाल आणि जा," एवढंच म्हणाले.

भाचा दुकानामागच्या शेडमध्ये एक पंखा उघडून बसला होता. बाईंनी त्याच्यापुढे नेलपॉलिशची बाटली ठेवली आणि उभ्या उभ्याच, आडपडदा न ठेवता, ठिपका कुठे लावला, कसा लावला, सगळं सांगितलं. ऐकता ऐकता भाच्याचा चेहरा उजळला. "टिकलीवर? चांदीच्या टिकलीवर? अगं मावशी!" त्याने मांडीवर थाप मारली. "म्हणून सापडत नव्हतं! मी सगळीकडे शोधलं, कोऱ्या मालात कोण बघणार? लाखेसारखं आहे ते, वीज अडवतं. टिकल्या नीट टेकेचनात, मग ठिणगी पडणार नाही तर काय!" कित्येक आठवडे छळणारं कोडं सुटल्याचा मेकॅनिकचा निखळ आनंद होता तो. आधी तो आनंद झाला, आणि बाकीचं मागून आलं. तो बोलता बोलता थांबला, खाली बघून हातातला स्क्रू फिरवत राहिला.

"एवढंच सांगायचं होतंस मावशी. मी विचारत होतो ना."

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. हे शब्द त्यांच्या तोंडी कुणी ऐकले नव्हते. "मी सगळ्यांना सांगेन. घरोघरी जाऊन सांगेन."

भाचा त्यांच्याबरोबर आला. टेबलावरच्या नव्या ठोकळ्यावरही बाईंचा हात फिरलेला होताच. त्याने तो उघडला, नेलपॉलिश काढायचा रिमूव्हर लावून टिकली चकचकीत पुसली आणि बाल्कनीत कामाला बसला. बाईंनी तीन जळके ठोकळे, चमचा आणि बाटली ताटात घेतली आणि दारं ठोठवायला निघाल्या.

समोरच्या वहिनींना त्यांनी सगळं समजावलं. खड्डा दाखवला, चमच्यावरचा डाग दाखवला. वहिनी मान डोलावत होत्या. बाईंचं बोलणं संपल्यावर त्यांनी बाईंच्या हातावर हात ठेवला आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "काकू, मी समजू शकते. घरचा माणूस आहे. पांघरूण घालावंच लागतं."

"अहो, पांघरूण नाही. खरंच मीच..."

"मी कुणाला काही म्हणणार नाही. तुम्ही निश्चिंत राहा."

खालच्या मजल्यावर ताटातल्या चमच्याकडे कुणी धड पाहिलंही नाही. "मेकॅनिकला बहाणा तरी काय सुचला, तर नेलपॉलिश!" असं एकजण दार लावता लावता म्हणाले, आणि आतून दुसऱ्या कुणाचं तरी हसू आलं. सचिवांनी बाईंना बसायला खुर्ची दिली, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला कारखान्यात मी ओळखत होतो. तुमची नजर कधी चुकली नाही. मायेपोटी आता माघार घेताय, त्यात वाईट काही नाही." मग जरा पुढे वाकून विचारलं, "तो दुसरा मेकॅनिक कसा आहे? आमचंही यंत्र धड चालत नाहीये, त्याचा नंबर असेल तर द्या ना."

बाईंना ओरडावंसं वाटलं. आयुष्यभर त्यांनी खोटं पकडलं होतं. आज पहिल्यांदा त्या खरं सांगत फिरत होत्या आणि प्रत्येक दारात त्यांच्या तोंडाकडे अशा नजरेने बघितलं जात होतं, की आता ही बाई काय लपवतेय ते शोधायचं. ताट छातीशी धरून त्या जिना चढल्या.

घरात यंत्र सुरू होतं. यजमानांना डोळा लागला होता आणि खोलीत छान ऊब पसरली होती. भाचा दाराशी पिशवीजवळ उभा होता. पिशवीचं तोंड उघडं होतं, आणि त्यातली सगळी हत्यारं त्याने जमिनीवर फडक्यावर एकापुढे एक मांडून ठेवली होती.

"हे काय रे?"

"बघून घे मावशी. म्हणजे मागाहून काही नको."

तो रागाने बोलला नव्हता. रागावला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. त्या खाली बसल्या, फडक्यापाशी. "भर ते," त्या म्हणाल्या. "भर रे आधी." तो हलला नाही, तेव्हा त्यांनीच पक्कड उचलली, पाना उचलला आणि एकेक वस्तू न बघता पिशवीत घालू लागल्या.

भाचा त्यांच्याशेजारी उकिडवा बसला.

"काय म्हणाले सगळे?" त्याने विचारलं.

बाईंनी मान हलवली.

"नाही ना पटलं?"

"नाही."

"दुसऱ्याचा नंबर मागितला असेल."

"सचिवांनी मागितला. मी दिला नाही."

भाच्याने उरलेला शेवटचा स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला आणि चेन ओढली.

"द्यायचा ना मावशी," तो म्हणाला. "सचिवांच्या आई फार म्हाताऱ्या आहेत. थंडी अजून संपली नाहीये."